निनावी पत्राच्या लेखकाचा माग काढताना

आपल्या इंदूरच्या मराठीत ‘तो निघून गेला’ऐवजी ‘तो चालला गेला’ असे सर्रास ऐकू येते. निनावी धमकीपत्रात असा प्रयोग दिसताच लेखक इंदूरचाच, असे लिहून मोकळे होऊ नका, कारण हे हिंदी वळण नागपूरकडेही आढळते. त्यातून फार तर परिसर सुचतो, माणूस ठरत नाही. ठळक शब्द लेखक मुद्दामही पेरतो, म्हणून स्वल्पविरामाची सवय, ऱ्हस्वदीर्घाच्या ठरावीक चुका, ‘व’ आणि ‘आणि’ यांतील निवड अशा नकळत उमटणाऱ्या गोष्टी आधी टिपाव्यात. अमेरिकेत 1995 साली टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या, तेव्हा ओळख न पटलेल्या ‘युनाबॉम्बर’चा दीर्घ जाहीरनामा छापून आला, तेव्हा त्यातील विचार आणि विशिष्ट शब्दप्रयोग टेड काझिन्स्कीच्या भावाला ओळखीचे वाटले, टेडच्या जुन्या पत्रांशी तुलना झाली आणि एप्रिल 1996 मध्ये टेडला अटक झाली. तेथे तुलनेला भरपूर मजकूर होता. तुमच्या हाती चार ओळींची चिठ्ठी असेल, तर संशयितांचे त्याच प्रकारचे लेखन मागवा, कारण अर्जाची भाषा व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाशी ताडून फारसे काही हाती लागत नाही.