शलाका, कौल आणि गाफील

प्रश्न असा आहे: हाँगकाँगच्या देवळांत बांबूच्या काड्यांचा डबा हलवून देवाला भविष्य विचारतात, त्या काडीला मराठीत काय म्हणावं? आणि उत्तम काडी निघाली तरी ‘सुखात असताना संकट विसरू नकोस’ असं बजावतात, ते एका शब्दात सांगता येईल का?

‘कौल’ चटकन सुचतो, पण काडीसाठी मी तो वापरणार नाही. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा कुठल्या बाजूची पाकळी पडली यावरून होकार-नकार कळतो. चिनी देवळांत याच्याशी जुळतात ते अर्धचंद्राकृती लाकडी ठोकळे. जोडी जमिनीवर टाकायची. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. निघालेली काडी आपलीच का, हेही पुष्कळदा त्यांनाच विचारतात. कौल तो हा.

काडीचं तसं नाही. वाँग ताइ सिनच्या देवळात माणसं गुडघ्यांवर बसून डबा तिरका धरून हलवत राहतात आणि शंभरातली एक काडी सरकत सरकत बाहेर पडते. तिच्यावर क्रमांक असतो. त्या क्रमांकाची चार ओळींची कविता मिळते, तिचा अर्थ लावून घ्यायचा. आपल्याकडे तुलसी रामायणाच्या पोथ्यांत रामशलाका असते: एका अक्षरावर बोट ठेवायचं, तिथून दर नववं अक्षर वेचायचं, की चौपाई हाती येते. शलाका म्हणजे काडीच! तेव्हा ‘प्रश्नशलाका’ म्हणावं.

आता ताकीद. चिनीत तिच्यासाठी चारच अक्षरं आहेत, ‘ज्यू आन स वेइ’: स्वस्थ असताना धोक्याचा विचार कर. इ.स.पू. ५६२ च्या एका प्रसंगात ती येतात. झेंग राज्याने जिन राज्याच्या राजाला रथ, घंटा आणि सोळा वादक स्त्रिया नजर केल्या. राजाने त्यातल्या निम्म्या घंटा आणि वादक स्त्रिया वेइ ज्यांग या सल्लागाराला देऊ केल्या. त्याने आधी नाकारल्या आणि हे जुनं वचन ऐकवून पुढे म्हटलं, विचार केला तर तयारी होते, तयारी असली तर संकट येत नाही. राजाच्या आग्रहाने शेवटी त्याने भेट घेतली, हे मला फार आवडतं. सुख टाकून द्या असं त्याचं म्हणणं नव्हतंच.

म्हणून ‘सावध’ मला अपुरा वाटतो, त्यात सुख येत नाही. ‘निर्धास्त’ माणसाला दोष लागत नाही, ‘गाफील’ला लागतो, कारण पहारा त्याने स्वतः सोडलेला असतो. एका शब्दाचा हट्ट सोडून मी ‘निर्धास्त असावं, गाफील असू नये’ असं लिहीन.