पुण्यात अंगणात कुत्र्याचे घर बांधताना पती-पत्नींनी आधी काय ठरवावे?

तुमच्याकडे लॅब्रॅडोर आहे, बैठ्या घरापुढे छोटे अंगण आहे, तुमच्या पत्नींना कुत्र्यासाठी विटांचे पक्के घर हवे आहे आणि तुम्हाला लाकडी. तर कोणते बांधावे आणि आराखडा कसा करावा, असे तुम्ही विचारले आहे. धायरीला आमच्या घरी हे काम मी आणि माझ्या यजमानांनी मिळून केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या मते वीट की लाकूड हा प्रश्न नंतरचा आहे. हे घर रोज कोण झाडणार आणि कोण धुणार, हे दोघांनी आधी ठरवावे आणि आराखड्यात त्याचाच शब्द शेवटचा मानावा. कुत्र्याचे घर बिघडते ते बहुधा अस्वच्छतेने, आणि अस्वच्छता राहते ती हात न पोहोचणाऱ्या जागी. स्वच्छतेवर एवढा भर देण्यामागे गोचीड हे मोठे कारण आहे. कुत्र्याच्या अंगावर रक्त पिऊन फुगलेली मादी गोचीड गळून पडते, भिंतीवरून वर चढते आणि एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. पशुवैद्य ज्याला टिक फीव्हर म्हणतात तो आजार या गोचिडांमुळेच पसरतो. म्हणून कुत्र्याला औषध लावून भागत नाही. घरातल्या भेगा, सांधे आणि कोपरे तुम्हाला दिसले पाहिजेत आणि तिथपर्यंत ब्रश पोहोचला पाहिजे.

या दृष्टीने पाहिल्यास तुम्हा दोघांचेही म्हणणे अर्धे अर्धे बरोबर आहे. जोते पक्के असावे आणि वरचे घर लाकडी असावे. विटांच्या भिंती दिवसभराचे ऊन साठवून रात्री उष्णता सोडत राहतात, गिलाव्याला कालांतराने बारीक भेगा पडतात, आणि जागा चुकली तर ते घर हलवता येत नाही. जोते मात्र विटांचेच हवे. ते जमिनीपासून किमान सहा इंच उंच घ्यावे आणि त्यावर खडबडीत शहाबादी फरशी बसवून एका फुटाला पाव इंच या हिशेबाने उतार द्यावा. गुळगुळीत टाइल कितीही आवडली तरी घेऊ नये. लॅब्रॅडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचे विकार बरेच आढळतात आणि सारखे पाय घसरणे अशा कुत्र्याला फार त्रासाचे ठरते. धुतलेले पाणी कुठे जाणार, हे गवंडी यायच्या आधीच ठरवून ठेवावे.

जागा निवडताना पुण्याचे हवामान ध्यानात घ्यावे. मेच्या मध्याला दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो आणि त्यानंतरचे पश्चिमेचे ऊन सर्वांत जाचक असते. पावसाळ्यातला वाराही मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे तुमच्या घराच्या पूर्वेकडील भिंतीच्या आडोशाला जागा असेल तर ती उत्तम. दार पूर्वेकडे ठेवावे, म्हणजे थंडीत सकाळचे कोवळे ऊन आत येते. वळवाचा पाऊस मात्र कोणत्याही बाजूने झोडपतो, म्हणून दाराला चार इंचांचा उंबरा ठेवावा आणि दार मधोमध न काढता एका टोकाला काढावे, म्हणजे दुसरा कोपरा कोरडा राहतो. घराची भिंत आणि हे घर यांच्यात माणूस झाडू घेऊन जाऊ शकेल एवढे अंतर सोडावे.

मापाचा कागद आम्ही प्लायवूडच्या तावावरून आखला, आणि तुम्हीही तसेच करावे असे सुचवते. ताव आठ फूट बाय चार फुटांचा येतो. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि समोरून तीन फूट उंच घर धरले, तर पहिल्या तावातून पुढची आणि मागची भिंत निघते, दुसऱ्यातून दोन्ही बाजूंच्या भिंती, आणि तिसऱ्याचे पाच फूट छताला व तीन फूट तळाला बरोबर पुरतात. छत चारही बाजूंना साधारण सहा इंच पुढे येते. करवतीत जाणारे दोन-तीन मिलिमीटर तेवढे लक्षात ठेवावेत. मागची भिंत अडीच फूट केली की छताला उतार मिळतो आणि पाणी मागे पडते. प्लाय मरीन प्रतीचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, ७१० क्रमांकाचा आयएस (भारतीय मानक) शिक्का असलेला घ्यावा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तो सहज मिळतो. कापण्याआधी ही मापे अंगणात खडूने आखून कुत्र्याला तिथे पाय ताणून झोपू द्यावे. त्याला उभे राहता, वळता आणि आडवे पसरता आले पाहिजे. त्याहून फार मोठे घर थंडीत ऊब धरत नाही.

उंचीवरून आमच्यात खरा मतभेद झाला होता. यजमानांना आत वाकून शिरता येईल एवढे उंच घर हवे होते, मला ते बसके हवे होते. अखेर छत मागच्या बाजूने बिजागऱ्यांवर बसवले, पुढे कडी लावली आणि उघडल्यावर आधाराला एक सळी ठेवली. आता छत उघडले की उभ्यानेच चारही कोपरे घासता येतात आणि ऊन थेट तळापर्यंत पोहोचते. छतावर पत्रा घालायचा असेल तर खाली पट्ट्या मारून दोन इंच हवा खेळती ठेवावी आणि पत्र्याला पांढरा रंग द्यावा. नुसता पत्रा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. जोडणी खिळ्यांऐवजी स्क्रूने करावी, सर्व सांधे सिलिकॉनने बुजवावेत आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत कुत्र्याला आत सोडू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. हे घर दिवसाच्या विसाव्यासाठी आहे, कोंडून ठेवण्यासाठी नव्हे. लॅब्रॅडोरला माणसांची सोबत लागते. रात्री आणि दिवाळीत फटाके वाजत असताना त्याला घरातच घ्यावे. सदैव बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. तुमचे घर सिंहगड किंवा मुळशीच्या बाजूला डोंगरालगत असेल, तर बिबट्यामुळे कुत्र्याला रात्री बाहेर ठेवण्याचा विचारही करू नये. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजची लस यांची पूर्तता केलेली असेलच, नसल्यास ती आधी करावी.

जोत्याचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे, त्यावर आठवडाभर नीट पाणी मारावे आणि मगच सुताराला बोलवावे, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसाआधी रंगही वाळतो.