डिझेल संपून बंद पडलेला जनरेटर पुन्हा कसा सुरू करावा

तुम्ही लिहिले आहे की गुहागरजवळच्या तुमच्या होमस्टेवर पावसात वीज गेली, तीन सिलिंडरचा जनरेटर रात्रभर चालला आणि पहाटे टाकी कोरडी पडून बंद झाला. त्यानंतर तुम्ही कॅनमधले दहा लिटर डिझेल ओतले, पण सेल्फ फिरतो आणि इंजिन काही पकडत नाही. बॅटरी आता दमली आहे, चिपळूणहून येणारा मेकॅनिक दोन दिवस येऊ शकत नाही, आणि नोझलकडे डिझेल ढकलणारा इंजेक्शन पंप गेला असावा अशी तुम्हाला धास्ती आहे. माझ्या मते पंप बहुधा शाबूत आहे. इंजिनाने हवा धरली आहे आणि ती हवा सेल्फ मारून निघणार नाही, हाताने काढावी लागेल. तेव्हा आधी सेल्फ मारणे पूर्ण थांबवावे.

असे का होते ते समजून घेतले तर पुढचे काम चुकत नाही. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तोंड, उघडायला साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे पंपाचा दट्ट्या वर गेला की तो दाब थेट नोझलपर्यंत पोहोचतो. नळीत हवा असेल तर मात्र दट्ट्याची सगळी हालचाल त्या हवेला दाबण्यातच खर्च होते, दट्ट्या खाली आला की हवा पुन्हा पसरते आणि नोझल बंदच राहते. तुमचे पॅनेल स्वयंचलित असेल तर ते बहुधा तीन प्रयत्नांनंतर बिघाडाचा दिवा लावून थांबत असेल. रीसेटचे बटण दाबून त्याला पुन्हा पुन्हा फिरवायला लावू नये. त्यात बॅटरी उतरते, सेल्फची गुंडाळी तापते, आणि पंप रोटरी पद्धतीचा असेल तर त्याचे खरेच नुकसान होते, कारण त्या पंपाला वंगण मिळते ते फक्त डिझेलचेच.

कामाला हात घालण्यापूर्वी पॅनेल मॅन्युअलवर घ्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. वीज येऊन पुन्हा गेली तर स्वयंचलित पॅनेल इंजिन फिरवू पाहील आणि त्या वेळी तुमचा हात पंख्याच्या पट्ट्याजवळ असू शकतो. सुटी केलेली बॅटरी तेवढ्यात कोणाच्या तरी गाडीवरून किंवा इन्व्हर्टरच्या दुकानातून चार्ज करून आणता येईल.

आता टाकी. पायाच्या चौकटीत बसवलेल्या रुंद टाकीत दहा लिटर म्हणजे तळाला जेमतेम एक थर होतो, आणि शोषनळीचे तोंड मुद्दामच तळापासून थोडे वर ठेवलेले असते. चौथरा किंचित कललेला असेल तर नळीला अजूनही डिझेल लागलेले नसण्याची शक्यता आहे. आणखी वीस लिटर घालावे आणि अर्धा तास काहीही न करता गाळ बसू द्यावा. मग तळाचा निचरा-बोल्ट ढिला करून काचेच्या बाटलीत थोडेसे काढावे आणि बाटली उजेडात धरावी. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते, ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली साचते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे काळसर बुळबुळीत शेवाळासारखी घाण वाढते. बाटलीत तळाशी स्वच्छ पाण्याचे मणी, वर पिवळसर डिझेल आणि मधे काळे तंतू दिसले तर समजावे की टाकी संपताना इंजिनाने हेच ओढले आहे. नुसते डिझेल येईपर्यंत काढत राहावे. फिल्टरचा बाउलही उघडून पुसावा आणि आतला कागदी फिल्टर काळा पडला असेल तर नवाच घालावा. जुना फिल्टर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर कृपया करू नका.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे, असाच ठेवावा लागतो. मधला टप्पा गाळला तर मागची हवा पुन्हा पुढे येते. टाकीचा कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट एक-दीड आटा ढिला करा, खाली फडके धरा आणि फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, हातदांडा सावकाश पूर्ण मारत राहा. दांडा नुसताच सैल हलतो, हाताला जोर लागत नाही असे वाटले तर पंप खराब आहे असा निष्कर्ष काढू नका. आतला कॅम, म्हणजे हा पंप हलवणारा फिरता उंचवटा, उचललेल्या स्थितीत थांबलेला असतो, पुलीने इंजिन हाताने एक फेरा फिरवले की दांड्याला जीव येतो. बोल्टाच्या कडेने आधी काहीच येणार नाही, मग फसफसता फेस येईल, मग बुडबुड्यांसह डिझेल, आणि शेवटी बुडबुडा नसलेली अखंड धार. ती धार चालू असताना, दांडा मारत असतानाच बोल्ट आवळा. दोन फिल्टर असतील तर दुसऱ्यावरही हेच करा आणि त्यानंतर इंजेक्शन पंपावरच्या बोल्टावर. तांब्याचे वॉशर चपटे झाले असतील तर बदला, नाहीतर तिथूनच उद्या पुन्हा हवा शिरेल.

एवढ्यावर बऱ्याच वेळा इंजिन सुरू होते. बॅटरी जोडून, बंद करण्याचा लिव्हर किंवा सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारी विजेची झडप) चालू स्थितीत आहे याची खात्री करून, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मधे निदान एक मिनिट थांबावे. नाहीच पकडले तर तिन्ही नोझलवरच्या जाड नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करावेत, दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे, आणि प्रत्येक नटातून डिझेलची उडी दिसली की एकेक आवळत जावे. या वेळी बोट, तळहात किंवा चेहरा त्या जोडांजवळ नेऊ नका. या दाबाची बारीक चिळकांडी कातडीच्या आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत ऊती मरत जातात. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तुमचा संच नवा आणि कॉमन रेल पद्धतीचा, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारा, असेल तर या नळ्यांना हातच लावू नये, कारण तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे हातपंपाने फिल्टरपर्यंतची हवा काढावी आणि बाकीचे मेकॅनिकवर सोपवावे.

हवेच्या गाळणीतून ईथरचा फवारा मारणे किंवा पेट्रोल शिंपडणे असले उपाय कोणी सुचवले तर ऐकू नका. त्याने पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मोडू शकतात.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कोणाला तरी उभे करा. धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही, हवा अजून आहे किंवा सोलेनॉइड उघडलेला नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. बॅटरी कमजोर असल्याने इंजिन हळू फिरते हे त्याचे सर्वात सामान्य कारण, आणि डिझेलमध्ये पाणी हे दुसरे. आपल्याकडे थंडीने डिझेल गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे त्या दिशेने शोध घेण्यात वेळ घालवू नये.

इंजिन सुरू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा बंद पडत असेल तर शोषण्याच्या बाजूला हवा ओढणारी फट आहे. ही फट फार चकवते, कारण टाकी इंजिनाच्या खाली असल्याने नळीत ओढ असते, डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा मात्र आत जाते. कोरड्या दिसणाऱ्या जोडावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी पारदर्शक नळी लावावी आणि तिचे दुसरे टोक इंजिनापेक्षा उंच ठेवलेल्या स्वच्छ कॅनमध्ये सोडावे. अशा जोडणीवर इंजिन नीट चालले तर दोष टाकी, कॉक किंवा जुन्या नळीत आहे. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने क्लिपा गंजतात आणि रबराच्या नळीला टोकाशी भेगा जातात, तेव्हा तिथून तपासायला सुरुवात करावी.

सुरू झाल्यावर भार न देता पंधरा-वीस मिनिटे चालवा आणि ढिले केलेले सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हा मिळेल तिथून, मिळेल त्या कॅनमधून आणलेल्या डिझेलने अनेक संचांचे फिल्टर बुजलेले मी पाहिले आहेत. म्हणून पावसाळ्यापूर्वी एक फिल्टर, तांब्याच्या वॉशरांचा एक संच आणि हातभर नळी घरात असावी, कॅन छपराखाली घट्ट झाकणाने ठेवावा, आणि टाकी पाव उरली की भरावी.

इंजिन तरीही सुरू झाले नाही तर धुराचा रंग, हातदांड्याला जोर लागतो की नाही, आणि इंजेक्शन पंपावरच्या तीन नळ्या एकाच गोल डोक्यातून निघतात की एका ओळीत निघतात, एवढे कळवा. म्हणजे पुढे नेमके काय उघडायचे ते सांगता येईल.