प्रवाशाच्या हिशेबातील ६.४ वर्षे

प्रश्न : जुळ्या भावांच्या कोड्यात एक भाऊ चार प्रकाशवर्षांवरील ताऱ्याकडे प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने जातो आणि लगेच परततो. पृथ्वीवर १० वर्षे लोटतात, त्याची ६. पण त्याच्या दृष्टीने मंद चालते ते पृथ्वीचे घड्याळ. त्यावर जाताना १.८ आणि येताना १.८ मिळून ३.६ वर्षेच भरतात. उरलेली ६.४ वर्षे यान वळताना त्वरणामुळे सरतात, असे वाचले. यानाच्या इंजिनाचा इतक्या दूरच्या घड्याळावर परिणाम कसा होईल?

उत्तर : तसा परिणाम मुळीच होत नाही, आपली शंका अगदी रास्त आहे. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, याचे उत्तर निरीक्षकाच्या वेगानुसार बदलते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले. ताऱ्यापाशी पोहोचलेला प्रवासी वळण्याआधी म्हणतो, ‘पृथ्वीवर आत्ता १.८ वर्षे झाली आहेत’, आणि वळल्यावर म्हणतो, ‘८.२ झाली आहेत’. बदलला तो त्याचा ‘आत्ता’. हाच हिशेब ताऱ्याच्या पलीकडे आणखी चार प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या घड्याळाशी जुळवून ठेवलेल्या घड्याळाला लावला, तर ते वळणाच्या क्षणी ६.४ वर्षे मागे जाते! खरे घड्याळ उलटे फिरत नाही, म्हणून ही उडी घड्याळाची नसून मोजणीच्या पद्धतीची आहे, हे मला निर्णायक वाटते.

प्रवाशाने दुर्बिणीतून पृथ्वीचे घड्याळ सतत पाहिले, तर जाताना ते एक तृतीयांश गतीने चालताना दिसेल आणि त्याच्या ३ वर्षांत १ वर्ष पुढे सरकेल. येताना ते तिप्पट गतीने चालून ९ वर्षे पुढे जाईल. बेरीज १० होते आणि उडी कुठेच दिसत नाही.

त्वरणाचा घड्याळावर स्वतंत्र परिणाम होतो का, हेही तपासून झाले आहे. १९७७ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्तुळाकार कड्यात फिरणाऱ्या म्यूऑन या अल्पायुषी मूलकणांचे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १०¹⁸ पट होते, तरी त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांवरून सुमारे ६४ पर्यंत, म्हणजे केवळ वेगामुळे जेवढे वाढायला हवे तेवढेच वाढले.

सतत त्वरणात राहणाऱ्या निरीक्षकाची ‘आत्ता’ ठरवण्याची अडचण आपल्या प्रवाशाहून मोठी आहे. यान पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाइतक्याच त्वरणाने अखंड वेग घेत राहिले, तर त्याच्या मागे सुमारे एक प्रकाशवर्षावर एक सीमा तयार होते आणि तिच्यापलीकडील घटनांना त्याच्या घड्याळानुसार ‘आत्ता’ अशी वेळच देता येत नाही.