दोन टक्के कशाचे?

"ताई, मी ४१ वर्षांचा, पुण्यात स्पेअर पार्ट्सच्या दुकानात नोकरीला. पगार ३८,०००. तीन वर्षं रेसला जातोय. आंधळेपणाने खेळत नाही. घोडा, जॉकी, वजन, अंतर सगळं वहीत लिहितो. कोर्टानेसुद्धा रेस हा कौशल्याचा खेळ मानलाय. रेससाठी २०,००० वेगळे ठेवतो. या सीझनला ते चारदा भरावे लागले. एक मित्र म्हणतो, दर वेळी दोनच टक्के लाव. दुसरा म्हणतो, हरलास की दुप्पट लाव, एक घोडा लागला की सगळं वसूल. कुणाचं ऐकू? बायकोला रेसचं माहीत आहे, आकडे नाहीत. मुलीची आरडी मोडावी लागली, पण दिवाळीपर्यंत भरेन."

भाऊ,

आरडी तुम्ही शेवटच्या ओळीत ढकललीत. मी तिथूनच सुरू करणार होते, पण विचारलंय त्याचं उत्तर आधी देते.

दुप्पटवाल्या मित्राला चहा पाजा आणि घरी पाठवा. ५०० पासून सुरुवात केलीत आणि ओळीने पाच घोडे मागे राहिले, तर १५,५०० गेले. सहाव्यावर १६,००० लावायचे, आणि तुमच्याकडे उरलेत ४,५००. कुठून तरी आणून लावले, घोडा आला आणि दामदुप्पट मिळाले, तरी सगळ्या खटाटोपाची कमाई ५०० रुपये. ओळीने पाच घोडे हरणं म्हणजे काय, हे मी रेसला जाणाऱ्याला सांगायला नको.

दोन टक्केवाला शहाणा आहे. २०,००० चे दोन टक्के म्हणजे ४००. पण ज्याचा अंदाज खरोखरच भावापेक्षा (घोडा लागला तर किती पट मिळतील, त्या आकड्यापेक्षा) सरस आहे, तो चार वाईट दिवसांत संपू नये म्हणून ही पद्धत. शिवाय त्यात रक्कम एकदाच ठेवायची असते. तुम्ही चारदा भरलीत. म्हणजे ८०,०००, दोन पगारांहून जास्त. मग दोन टक्के कशाचे? रांजणाला भोक असताना पाणी तांब्याने ओतावं की बादलीने, एवढाच हा वाद.

भोक कुठे आहे तेही सांगते. टोटवर, म्हणजे रेसकोर्सवरच्या बेटिंगच्या खिडकीवर, जमलेल्या पैशांतून क्लबचा वाटा आणि कर आधी कापतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे खिडकीसमोरच्या सगळ्यांना मिळून परत येतं ते दिल्यापेक्षा कमीच. जिंकलेल्यावर ३० टक्के आयकर, वर सेस. आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे खरं. ते कौशल्य तुमच्याकडे आहे, असं मात्र कोर्टाने कुठे म्हटलेलं नाही!

तुमची वही मला आवडली, म्हणून ती फेकायला सांगत नाही. पुढचा सीझनभर रेसकोर्सवर पाऊल टाकू नका. रेसच्या आदल्या रात्री घरी बसून वहीत घोडे निवडा, प्रत्येकावर खोटे ४०० लावा, रेसच्या दुसऱ्या दिवशी छापून आलेला निकाल आणि भाव लिहा. शेवटी बेरीज करा. तीन वर्षांच्या अभ्यासात दम असेल तर तिथे दिसेल, फुकटात.

आणि ती सीझनभराची कळ काढता आली नाही, शनिवार उजाडला की हात शिवशिवायला लागले, तर गोष्ट हिशेबाची राहिलेली नाही असं समजा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नका. मित्रांपैकी कुणी "मोबाइलवर सट्ट्याची आयडी घेऊन देतो, उधारी चालते" म्हणाला, तर त्याचा नंबरच काढून टाका. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा उधारीची वसुली करणारे लोक बँकेतल्यासारखे नसतात.

आता आरडी. ती रेसच्या पैशांतून भरायचा विचार असेल (तुमची "दिवाळीपर्यंत" मला तशीच वाटली), तर तो आजच सोडा. पगारातून भरा, महिना ४,००० ने का होईना, लांबली तरी चालेल. पगार झाला की ती रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय बँकेत करून घ्या.

बायकोला आकडे सांगायचे आहेत. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. जॉकी, वजन, अंतर यांच्या गप्पा तिला सांगू नका. ८०,००० आणि आरडी, एवढंच सांगा. आज जेवणानंतर, मुलगी झोपल्यावर.

— ताई