विचारलं, पण पुढे काय केलं?

प्रश्न : माझ्या टीममध्ये नऊ जण आहेत. दर सोमवारच्या बैठकीत शेवटी मी विचारतो, 'कुणाला काही अडचण?' सगळे गप्प. मग गुरुवारी कळतं की काम आठवडाभर अडलेलं होतं. 'कधीही येऊन बोला' असं सांगून झालं, तरी माणसं बोलत का नाहीत?

माणसं गप्प बसतात ती दोन कारणांनी. एक भीती, आणि दुसरं म्हणजे 'सांगून काय उपयोग?' ही भावना. मॅनेजर बहुतेकदा पहिल्याचाच विचार करतात आणि मनमिळाऊ वागून भीती घालवू पाहतात. पण स्वभावाने अगदी प्रेमळ असलेल्या मॅनेजरच्या टीममध्येही दुसरं कारण ठाण मांडून बसलेलं असू शकतं.

तुमच्याकडे यातलं कोणतं आहे, हे शोधायला अर्धा तास काढा. गेल्या तीन महिन्यांत कुणीकुणी तुम्हाला अडचणी सांगितल्या, त्या लिहून काढा. प्रत्येकीपुढे दोन नोंदी करा : ऐकताक्षणी तुम्ही काय म्हणालात, आणि पुढे त्याचं काय झालं. पहिल्या रकान्यात 'आधी का नाही सांगितलं?' वारंवार दिसलं, तर अडचण भीतीची आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर लोकांनी तुमच्याकडून अपेक्षाच सोडली आहे.

तुमचा प्रश्नही बदलायला हवा. 'कुणाला काही अडचण?' याला हो म्हणायचं, तर बैठक संपता संपता, सगळे उठायच्या बेतात असताना, आपलं कमी पडणं चारचौघांत कबूल करावं लागतं. त्याऐवजी सुरुवातीलाच विचारा, 'या आठवड्याचं काम अडलं तर सर्वांत आधी कुठे अडेल?' इथे अडचण गृहीतच धरली आहे, त्यामुळे ती सांगण्यात कमीपणा वाटत नाही. दोन मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या, मग सर्वांत नव्या सहकाऱ्यापासून वाचायला सुरुवात करा. तुम्ही सर्वांत शेवटी बोला. वरिष्ठाचं मत आधी कळलं की बाकीचे नकळत त्याला जुळेल असंच बोलतात.

कुणी वाईट बातमी सांगितली की तुमचं पहिलं वाक्य सगळी टीम लक्षात ठेवते. 'बरं झालं सांगितलंस, आता नेमकं काय अडलंय?' एवढं पुरे. चूक कशी झाली, याची चौकशी जरूर करा, पण वेगळ्या वेळी आणि सगळ्यांसमोर नको. बैठक संपण्याआधी प्रत्येक अडचणीपुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख पडली पाहिजे. पुढच्या सोमवारची सुरुवात त्याच यादीने करा. जे जमलं नाही, तेही सांगा.

सुरुवातीचे काही आठवडे अडचणींची संख्या वाढेल. घाबरू नका. टीम कशा काम करतात, याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्येच जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. त्या टीम चुका उघडपणे बोलत होत्या, हे त्याचं कारण असावं, असा अर्थ त्यांनी लावला. टीममधल्या 'मानसिक सुरक्षितते'वरचा, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावरचा, त्यांचा 1999चा शोधनिबंध पुढे याच धाग्याने गेला.

प्रश्न : मी एचआर विभागात आहे. निनावी सर्वेक्षणाला पहिल्या वर्षी भरभरून उत्तरं आली, यंदा निम्म्यांनीही अर्ज भरला नाही. भरणाऱ्यांसाठी बक्षीस ठेवावं का?

नको. बक्षिसासाठी अर्ज भरले जातील, पण मनातलं कुणी लिहिणार नाही. आधी पहिल्या वर्षीच्या निकालाचं काय झालं ते पाहा. तो फक्त वरच्या मजल्यावर सादर झाला असेल, तर यंदाची शांतता हेच लोकांचं उत्तर आहे.

प्रश्न दहाच्या आत ठेवा. ज्यावर काही करण्याची तयारी नाही, ते विचारूच नका. पगारवाढ हातात नसताना पगाराबद्दल विचारणं तर जास्तच नुकसान करतं. निकाल दोन आठवड्यांत सर्वांना सांगा, नावडते आकडेही. मग दोनच गोष्टी निवडा, त्यांची तारीख जाहीर करा, आणि कोणती मागणी का होणार नाही, तेही स्पष्ट सांगा.

निनावीपणही खरं असलं पाहिजे. विभाग, वय आणि नोकरीची वर्षं तिन्ही विचारली की लहान विभागात माणूस सहज ओळखू येतो. पाचांपेक्षा कमी जणांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका. 'हे कुणी लिहिलं असेल?' असं एखाद्या मॅनेजरने गमतीतही विचारलं, तर त्याला तिथेच थांबवा. आणि मॅनेजरचा बोनस सर्वेक्षणात टीमने दिलेल्या गुणांना बांधू नका, नाहीतर तो टीमकडून गुण मागू लागेल.

प्रश्न : यंदा बोनस कमी होणार आहे. ईमेल पाठवून विषय संपवावा, असं व्यवस्थापनाचं मत आहे. आम्हाला ते पटत नाही.

तुमचं बरोबर आहे. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी 15 टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी आकडे दाखवून, प्रश्न घेऊन, मनापासून खेद व्यक्त करून सविस्तर सांगितलं. दुसरीकडे थोडक्यात कोरडी घोषणा झाली. त्या काळात कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण समजावून सांगितलं तिथे बऱ्याच कमी.

म्हणून निर्णय घेणाऱ्याने स्वतः समोर यावं. किती कपात, का, कुणाकुणाची आणि कधीपर्यंत, हे आधी सांगावं. वरिष्ठांच्या बोनसचं काय, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आकड्यात तयार ठेवा. किमान अर्धा वेळ प्रश्नांसाठी राखा. 'लवकरच सगळं सुरळीत होईल' हे वाक्य, तारीख ठरलेली नसेल तर, भाषणातून काढून टाका. ईमेल जरूर पाठवा, पण बैठकीनंतर, त्याच दिवशी, सांगितलेले आकडे जसेच्या तसे लिहून.