जाते नाही गं, येते म्हण

बाय,

आधी एक क्लियर करते, आजी तुला दिवसभर 'बाय' म्हणते ते गुडबाय नव्हे. आमच्या गोव्यात मुलीला लाडाने बाय म्हणतात. तू दोन दिवस तिला उलट 'बाय आजी, बाय' करत होतीस हे ऐकून मी ऑफिसात एकटीच हसत होते.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मार्दोळच्या घरातनं निघताना तू म्हणालीस 'आजी मी जाते' आणि ती आतनं ओरडली, 'जाते म्हणू नये, येते म्हण'. तुझं म्हणणं, मी तर मंगेशीला चाललेय, मग येते कशी, ग्रामर चुकतंय. आणि त्याच मेसेजात दुसरा प्रश्न, की आई, आजीकडच्या अल्बममध्ये तुझ्या ग्रॅज्युएशनचा एकही फोटो कसा नाही? तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटले, मला नाही वाटत, म्हणून रात्री अकराला टाइप करत बसलेय.

फोटो नाही कारण ग्रॅज्युएशनच नव्हतं. आमचा सेंड-ऑफ दहावीला, तोही फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेच्या आधी! 1993 ची गोष्ट. पास होणार की नापास याचा पत्ता नाही आणि आम्ही आधीच रडून मोकळ्या. समारंभ नववीवाले करायचे, दहावीवाले पाहुणे. एकेक गुलाब, एकेक पेन (परीक्षेला उपयोगी पडावं म्हणून, गिफ्टसुद्धा अभ्यासाचंच), हेडसरांचं न संपणारं भाषण आणि मग भाजी-पाव. मुली आयांच्या साड्या नेसून आलेल्या, कुणालाच धड चालता येईना, मी दोन पायऱ्या उतरताना निरी सोडवून घेतली ती तशीच हातात धरून भाजी-पाव खाल्ला. आजीच्या कपाटात खालच्या कप्प्यात मोरपंखी साडी असेल बघ, तिच्या पदरावर जो पिवळा डाग आहे तो त्या भाजीचा. अजून बोलून दाखवते ती.

मग परीक्षा. शेवटचा पेपर सुटला तेव्हा सगळ्यांना बस पकडायची घाई, कुणी कुणाला नीट भेटलंसुद्धा नाही. निकाल लागला आणि आम्ही ऑफिसच्या खिडकीशी लायनीत उभ्या राहिलो, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला. तोच आमचा डिप्लोमा समज. त्यात एक रकाना 'शाळा सोडण्याचे कारण' आणि एक 'वर्तणूक', त्यात सगळ्यांचं 'चांगली', माझ्या मागे उभी होती तिचंपण चांगली, जी वर्षभर बाकाखाली चिंचा खायची. क्लार्कनी शिक्का मारला, पुढची या. संपली शाळा.

म्हणून गेल्या महिन्यात तुझी टोपी, तो गोंडा उजवीकडून डावीकडे करणं, मैदानावर एवढी माणसं, हे बघताना मी जरा जास्तच रडले, तुला लाज वाटली माहितीये. पण एक आवडलं, त्या कार्यक्रमाला तुम्ही कमेन्समेंट म्हणता, म्हणजे सुरुवात. आमच्या दाखल्यावर मात्र स्वच्छ लिहिलेलं, सोडली.

आणि तरी तोंडाने आम्ही 'सोडली', 'जाते' म्हणत नाही. कोंकणीतसुद्धा तेच, वतां नाही, येतां म्हणायचं. 'जाते' आणि 'गेली' हे शब्द माणूस वारल्यावरचे, ते घराच्या उंबऱ्यावर कशाला. एवढंच कारण आजी सांगेल. पण तिच्या ओरडण्यामागे तुझे आजोबा आहेत, ते ती सांगणार नाही.

आजोबा 1958 मध्ये मॅट्रिकसाठी बेळगावला गेले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, मराठी शिकायचं तर देवळाच्या आवारातली नाहीतर कुणाच्या ओसरीवरची शाळा, पुढचं करायला बरेचजण बेळगाव, मुंबई, पुणे गाठायचे. (गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या त्या मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात.) त्यात 1955 पासून भारताने नाकेबंदी केलेली, हद्द ओलांडणं कठीण. सुट्टी लागली तरी पोराला घरी येता येईना. निघताना ते पणजीला, म्हणजे त्यांच्या आईला, शहराला नव्हे, घाईत 'जातो गे' म्हणून गेले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर ते घरी आले. तोवर पणजीने त्या एका शब्दावर स्वतःला किती दोष दिला असेल, की मी तेव्हाच टोकलं का नाही. आजी सून म्हणून आली ती हे ऐकतच, तेव्हापासून उंबऱ्यावर पहारा तिचा.

निरोप हा शब्दपण मजेशीर आहे. निरोप घेणे म्हणजे निघताना परवानगी घेणे, आणि निरोप म्हणजे कुणाकडून पाठवलेला मेसेजसुद्धा. नववीवाल्यांनी निरोप दिला म्हणजे 'जा' म्हणाले असंच मी धरून होते, हे दुसरं मला इकडे आल्यावर सुचलं, तिकडे असताना कधी विचारच केला नाही. चवथीला तू नसशील, नाहीतर बघितलं असतंस, गणपती पोचवतानासुद्धा आम्ही पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो आणि पाण्याकाठची चिमूटभर वाळू पाटावर घालून घरी आणतो, रिकामा पाट आणायचा नाही.

ऑगस्टमध्ये तिथून निघशील तेव्हा आजी तुझ्या तळहातावर दही-साखर घालेल. चमचा मागू नको, टिश्यू शोधू नको, चाटून टाक. देवापुढे नारळ ठेवून ती गाऱ्हाणं घालेल, त्यात तुझ्या कॉलेजचं नाव काहीतरी भलतंच घेईल, दुरुस्त करू नको. आणि मंगेशीला जाताना छत्री ने, जुलैतला पाऊस आहे तो.

आता माझा निरोप आजीला. तिच्या बीपीच्या गोळ्या या आठवड्यात संपतील, फोंड्याहून आण. जुनं पाकीट दाखव दुकानात, नाव सांगत बसू नको.

आई